‘मॅड’च्या शेवटच्या पानावरची घडी

माझ्याकडे ‘मॅड’ या अमेरिकन विनोदी मासिकाचे एकवीस जुने अंक आहेत आणि त्या एकवीसही अंकांच्या मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, म्हणजे छापखान्यात ज्याला कव्हर तीन म्हणतात त्या पानावर, दोन उभ्या घड्यांच्या खुणा आहेत. काही खुणा पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत, काही तिरक्या आहेत, आणि एका अंकात तर आधीच्या मालकाने तीनदा चुकीच्या जागी घडी घालून चौथ्या वेळी ती बरोबर बसवली असावी, असे कागदाकडे पाहून कळते. जुने अंक जमवणारे लोक घडी न घातलेल्या प्रतीला जास्त भाव देतात, हे मला ठाऊक आहे. मला मात्र घडी घातलेलेच अंक आवडतात, कारण ते कोणीतरी खरोखर वाचलेले असतात.

पहिला अंक मला १९८३ साली अप्पा बळवंत चौकात मिळाला. जून महिना होता, जुन्या पाठ्यपुस्तकांसाठी नेहमीची झुंबड उडालेली होती, आणि फुटपाथवर गोणपाट अंथरून बसलेल्या एका विक्रेत्याच्या ढिगात गणिताच्या मार्गदर्शकाखाली एक विचित्र चेहरा दिसला: पुढचा एक दात नाही, कान मोठे, दोन्ही डोळे एका पातळीत नाहीत, आणि तरीही चेहऱ्यावर संपूर्ण समाधान. विक्रेत्याने तीन रुपये सांगितले आणि दोन रुपयांना दिला. मी तेव्हा आठवीत होते, मराठी माध्यमातली होते, आणि त्या अंकातले पाव भागही इंग्रजी मला समजले नाही.

घडीचे पान बाबांनी उलगडून दाखवले. त्यांचा नारायण पेठेत छोटा छापखाना होता; लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले ते ट्रेडल मशीनवर छापत असत. इंग्रजी वाचनाची त्यांना सवय नव्हती, परंतु छापलेला कोणताही कागद हातात आला की मजकुराच्या आधी ते त्याची घडी, कापणी आणि शाई पाहत. मी त्यांना सांगितले की शेवटचे पान कोणीतरी दुमडून खराब केले आहे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान खिडकीपाशी उजेडात धरले आणि म्हणाले, “अगं, ही खराबी नाही, ही मुद्दाम ठेवलेली घडी आहे. वर बघ, बाणाजवळ ए लिहिले आहे, आणि इकडे बी. हा ए त्या बीला नेऊन भिडवायचा.” त्यांनी अंगठ्याच्या नखाने घडी दाबली. मधला अर्धा भाग आत गेला, डावा आणि उजवा तुकडा एकमेकांना चिकटले, आणि क्षणापूर्वी जे एक मोठे, गजबजलेले चित्र होते त्याचे एक वेगळेच, लहान आणि स्पष्ट चित्र झाले. खालचा मजकूरही मधली अक्षरे गिळून नव्या वाक्यात बदलला. बाबांनी पान उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. मग ते म्हणाले, “ज्याने हे काढले, त्याला छपाई कळते.”

ते काढणारे होते अल जॅफी. १९६४ सालच्या एप्रिल महिन्याच्या अंकात त्यांनी ही घडी प्रथम केली. त्या काळी अमेरिकेतील श्रीमंत मासिकांमध्ये रंगीत पाने उलगडून मोठी करण्याची पद्धत होती. पान बाहेर उघडत जायचे आणि आतून भव्य छायाचित्र निघायचे. ‘मॅड’ स्वस्त कागदावर निघत असे, त्याला असली चैन परवडणारी नव्हती. जॅफी यांनी उलटा विचार केला की आपले पान बाहेर उलगडण्याऐवजी आत मिटावे, आणि तेही काळ्या-पांढऱ्या छपाईत. पहिल्या घडीचा विषय एलिझाबेथ टेलर आणि रिचर्ड बर्टन या चित्रपटतारकांचे त्या वेळी गाजणारे प्रकरण हा होता. जॅफी यांना वाटले होते की ही गंमत एकदाच करायची आहे, परंतु संपादकांनी दुसरी मागितली. दुसऱ्या घडीत रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी भांडणारे रॉकफेलर आणि गोल्डवॉटर होते, आणि पान मिटले की त्या दोघांमधून निक्सन यांचा चेहरा तयार होत असे. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जॅफी ही घडी काढत राहिले आणि वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, २०२० साली, निवृत्त झाले. २०२३ साली, एकशे दोन वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले.

मुद्रकाच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण मला या कामातली एक गोष्ट फार मोठी वाटते. जॅफी मूळ चित्र कडक बोर्डावर रंगवत असत. बोर्डाला घडी घालता येत नाही. त्यामुळे चित्र मिटल्यावर नेमके कसे दिसते, हे त्यांना स्वतःला अंक छापून हाती येईपर्यंत पाहायला मिळत नसे. सगळी मोजमापे आधी कागदावर करून, डाव्या तुकड्यातील एक रेषा आणि उजव्या तुकड्यातील दुसरी रेषा केसभरही न चुकता भेटतील अशा बेताने ते काम करत. संगणक हे काम आज काही मिनिटांत तपासून देतो. त्यांनी ते हातानेच केले, आणि जवळजवळ दर अंकाला केले.

जॅफी यांचे बालपण मी वाचले तेव्हा अप्पा बळवंत चौकातला तो ढीग मला आठवला. ते १९२१ साली जॉर्जिया राज्यातील सव्हाना शहरात जन्मले, परंतु त्यांच्या आईने मुलांना घेऊन लिथुआनियातील आपले मूळ गाव गाठले, आणि बालपणाची काही वर्षे त्यांनी तिथेच काढली. वडील अमेरिकेतच होते. ते वर्तमानपत्रांतील चित्रमालिकांची पाने गुंडाळून टपालाने पाठवत. तो गठ्ठा फार उशिरा पोहोचायचा, आणि तो घेऊन हा मुलगा दूरच्या एका जगाकडे पाहत बसायचा. १९३३ साली तो अमेरिकेत परत आला. जे हसणे समुद्र ओलांडून, शिळे होऊन, मधल्या एखाद-दुसऱ्या अंकाचा दुवा तुटलेल्या अवस्थेत हाती येते, त्याच्याकडे माणूस वेगळ्या भुकेने पाहतो. पुण्यात आम्ही ‘मॅड’ असेच वाचले. जानेवारीचा अंक पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात मिळायचा आणि ज्या राष्ट्राध्यक्षाची त्यात थट्टा असे, तो तोवर पायउतारही झालेला असे.

बाबांना त्या घडीत जे सापडले, त्याची सवय त्यांना ‘आवाज’ने आधीच लावलेली होती. मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केलेल्या त्या दिवाळी अंकातील खिडकीचित्रे महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी लपूनछपून आणि उघडपणेही पाहिली आहेत. पानाला एक खिडकी कापलेली असते, तिच्यातून पुढच्या पानावरच्या चित्राचा काही भाग दिसतो, वाचक मनात नको ते धरतो आणि पान उलटल्यावर अगदी घरगुती, निरागस प्रसंग निघतो. बाबा दर दिवाळीला ती खिडकी पाहताना चित्राइतकेच पंचिंगचे कौतुक करत. पंचिंग एक सूतभर सरकले तर सगळा विनोद फसतो, असे ते सांगत. दोन्ही युक्त्या वाचकाच्या हाताला कामाला लावतात. परंतु त्यांचा रोख वेगळा आहे. ‘आवाज’ची खिडकी वाचकाच्याच मनातला चावटपणा त्याला दाखवते, तर ‘मॅड’ची घडी समोरच्या चित्राला खोटे पाडते. युद्ध, प्रदूषण, निवडणूक असा काही मोठा विषय पानभर पसरलेला असतो, वर एक गंभीर प्रश्न असतो, आणि पान मिटल्यावर त्या सगळ्या पसाऱ्याच्या आत दडलेला एक साधा, लाज आणणारा उत्तराचा तुकडा हाती येतो. छापलेल्या गोष्टीच्या आत दुसरी गोष्ट असू शकते, हे आठवीतल्या मुलीला समजावून सांगायला भाषणाची गरज पडली नाही.

मासिकाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. हार्वे कर्ट्झमन हे संपादक आणि विल्यम गेन्स हे प्रकाशक यांनी १९५२ साली ‘मॅड’ सुरू केले, तेव्हा ते दहा सेंटचे रंगीत कॉमिक होते. १९५४ साली अमेरिकेत कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा मोठा गदारोळ झाला, सिनेटच्या उपसमितीसमोर गेन्स यांची साक्ष झाली, प्रकाशकांनी स्वतःवर एक कडक संहिता लादून घेतली आणि गेन्स यांची भयकथांची लोकप्रिय कॉमिक्स बंद पडली. कर्ट्झमन यांना मात्र आपले नियतकालिक प्रौढ मासिकांच्या बरोबरीने उभे राहावे असे वाटत होते. त्यांच्या आग्रहाने १९५५ साली, चोविसाव्या अंकापासून, ‘मॅड’ने मासिकाचे रूप घेतले आणि त्यामुळे ते त्या संहितेच्या कक्षेबाहेरही गेले. पुढच्याच वर्षी कर्ट्झमन सोडून गेले, अल फेल्डस्टाइन संपादक झाले, आणि १९५६ अखेरीस नॉर्मन मिंगो यांनी रंगवलेला तो दात पडलेला मुलगा, आल्फ्रेड ई. न्यूमन, मुखपृष्ठावर आला. ‘व्हॉट, मी वरी?’ हे त्याचे ब्रीद. तो चेहरा ‘मॅड’ने जन्माला घातलेला नाही, दंतवैद्यांच्या जाहिरातींत आणि पोस्टकार्डांवर तो कित्येक दशके फिरत होता. १९७०च्या दशकात खप वीस लाखांच्या वर गेला.

परंतु माझ्या दृष्टीने या मासिकाचा सर्वांत मोठा निर्णय विनोदाचा नव्हता, हिशेबाचा होता. १९५७ पासून २००१ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, ‘मॅड’ने बाहेरची एकही जाहिरात घेतली नाही. पाने जाहिरातींनी भरलेली असायची, पण त्या सगळ्या खोट्या, विडंबनाच्या असायच्या, आणि त्या इतक्या मेहनतीने केलेल्या असायच्या की टाइप, प्रकाशयोजना, मॉडेलचे हसू, तळाची बारीक ओळ, सगळे मूळ जाहिरातीसारखे उतरलेले असे. सिगारेटच्या कंपन्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे आघात केले. त्या कंपन्यांचे पैसे घेणाऱ्या मासिकाला हे करता आले नसते, हे उघड आहे. वाचकाच्या खिशातल्या नाण्यांवरच मासिक चालवायचे ठरवले की कोणाची थट्टा करायची हे वाचकाखेरीज कोणालाही विचारावे लागत नाही.

हे मला पुरते कळले ते नोकरीत. बाबांचा छापखाना बंद झाल्यावर मी जाहिरातींच्या मांडणीचे काम बरीच वर्षे केले. एकदा एका बांधकाम व्यावसायिकाची अर्ध्या पानाची जाहिरात आमच्याकडे आली. चित्रात इमारतीच्या मागे हिरवी टेकडी होती, समोर तलाव होता, आणि ‘स्टेशनपासून दहा मिनिटे’ या शब्दांवर एक चांदणी होती. चांदणीची तळटीप ‘अटी लागू’ एवढीच होती आणि ती इतक्या बारीक टाइपात बसवायची होती की वर्तमानपत्राच्या कागदावर ती शाईत बुडणार हे मला दिसत होते. त्या जागेवर मी जाऊन आले होते. तिथे टेकडी नव्हती. मी मांडणीत ती ओळ दोन पॉइंट मोठी केली, टेकडीबद्दल विचारले, आणि मला ती ओळ पुन्हा लहान करायला सांगण्यात आले. जाहिरात तशीच गेली. त्या दिवशी घरी येऊन मी कपाटातला एक जुना अंक काढला आणि त्यातील घरांच्या जाहिरातीचे विडंबन पुन्हा वाचले. त्यात ती चांदणी होती, ती टेकडी होती, ती तळाची ओळ होती. माझ्या टेबलावर ती जाहिरात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी मला ती वाचायला शिकवण्यात आले होते. हा अंक ज्यांनी काढला, त्यांचे ऋण मी मानते.

चित्रपटांच्या विडंबनाचाही असाच उलटा अनुभव आम्हाला आला. मॉर्ट ड्रकर यांनी पेनाने काढलेले नटांचे चेहरे इतके हुबेहूब असत की ओठाच्या एका वळणावरून माणूस ओळखावा. अमेरिकेतील वाचक आधी चित्रपट पाहायचा आणि मग विडंबन वाचायचा. आम्ही विडंबन आधी वाचायचो आणि चित्रपट अलका किंवा राहुल टॉकीजला लागला तर, पुष्कळ उशिरा, पाहायचो. त्यामुळे नायक दार उघडून आत येण्याआधीच, पटकथेत भोक कुठे आहे आणि संगीत आपल्याला कुठे रडवणार आहे, हे आम्हाला माहीत असायचे. आनंद त्याने कमी होत नसे. उलट एखादे दृश्य ‘मॅड’च्या थट्टेला पुरून उरले, की ते खरोखर चांगले आहे याची खात्री पटायची.

विडंबन ही कला म्हणून मराठी वाचकाला नवी नाही. आचार्य अत्रे यांनी केशवकुमार या नावाने ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध केली आणि पुण्याच्या रविकिरण मंडळाच्या कवींची लकब त्यांच्याच वृत्तांत बांधून दाखवली. पण विडंबनाचा हक्क न्यायालयात मांडण्याची वेळ ‘मॅड’वर आली, आणि तिथे झालेले काम त्याच्या वारशाचा फार महत्त्वाचा भाग आहे. १९६१ साली त्यांनी प्रसिद्ध गाण्यांच्या चालींवर नवे, थट्टेचे शब्द छापले. चाल छापली नव्हती; अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे, एवढीच सूचना होती. अर्व्हिंग बर्लिन आणि इतर गीतकारांच्या प्रकाशकांनी पंचवीस गाण्यांसाठी दावा लावला. खालच्या न्यायालयाने तेवीस गाण्यांबाबत ‘मॅड’च्या बाजूने निकाल दिला आणि १९६४ साली अपील न्यायालयाने सर्व पंचवीस गाण्यांबाबत दिला. न्यायमूर्ती अर्व्हिंग कॉफमन यांनी लिहिले की विडंबन आणि उपहास यांना, करमणूक म्हणूनही आणि सामाजिक टीका म्हणूनही, भरीव स्वातंत्र्य मिळायला हवे; आणि बर्लिन कितीही थोर असले तरी कवितेच्या एका छंदावर त्यांना मालकी सांगता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. तेव्हापासून अमेरिकेत दुसऱ्याच्या चालीवर थट्टेचे शब्द रचणारा प्रत्येक जण त्या निकालाच्या सावलीत उभा आहे.

ज्यांना इंग्रजी जमत नसे, त्यांच्यासाठी या मासिकात दोन परके होते आणि बाबांचे खरे प्रेम त्यांच्यावरच होते. अँतोनियो प्रोइयास क्यूबातील नामवंत व्यंगचित्रकार. कॅस्ट्रो राजवटीवर चित्रे काढल्यावर त्यांना हेर ठरवण्यात आले आणि १९६० साली ते न्यूयॉर्कला निघून आले. पुढच्याच वर्षापासून काळ्या आणि पांढऱ्या पोशाखातील दोन हेर ‘मॅड’मध्ये एकमेकांना उडवू लागले, आणि कोणता चांगला व कोणता वाईट हे प्रोइयास यांनी कधीच ठरवू दिले नाही. दुसरे सर्जिओ अरागोनेस, स्पेनमध्ये जन्मलेले, मेक्सिकोत वाढलेले. ते १९६२ साली न्यूयॉर्कला आले तेव्हा त्यांचे इंग्रजी इतके तोकडे होते की ‘मॅड’च्या कचेरीत दुभाषा म्हणून त्यांनी प्रोइयास यांनाच मागितले, आणि प्रोइयास यांना त्यांच्याहूनही कमी इंग्रजी येत होते. अरागोनेस पानांच्या समासात, मजकुराच्या कडेला, नखाएवढी निःशब्द चित्रे काढत. शि. द. फडणीस यांच्या शब्दाविना बोलणाऱ्या चित्रांवर वाढलेल्या आमच्या घराला ती ताबडतोब कळली. बाबा भिंग घेऊन समास वाचत आणि मधला मजकूर सोडून देत.

सगळेच चांगले होते, असे म्हणणे खोटे ठरेल. गेन्स हे मोठ्या मनाचे मालक म्हणून ओळखले जातात. १९६० साली ते सगळ्या चमूला घेऊन हैतीला गेले आणि वर्गणी संपलेल्या, तिथल्या एकुलत्या एक वर्गणीदाराच्या दारात जाऊन उभे राहिले. परंतु चित्रांचे हक्क ते स्वतःकडे ठेवत आणि पुनर्मुद्रणाचे पैसे चित्रकाराला देत नसत. डॉन मार्टिन यांच्यासारखा, लवचीक पायांच्या माणसांचा आणि चमत्कारिक आवाजांच्या शब्दांचा जनक, तीस वर्षांनंतर १९८७ साली याच कारणाने सोडून गेला. आणि कित्येक दशके या मासिकात स्त्रियांना लेखणी किंवा कुंचला जवळजवळ मिळालाच नाही. घरातल्या बायकोवरचे जुने विनोद आज वाचताना माझा हात पुढच्या पानाकडे वळतो. ज्या मासिकाने मला प्रत्येक पानाकडे संशयाने पाहायला शिकवले, त्याच्या स्वतःच्या पानांना मी त्यातून वगळू शकत नाही.

१९९२ साली गेन्स गेले. २००१ साली जाहिराती आल्या. २०१९ साली जाहीर झाले की यापुढे ‘मॅड’ वृत्तपत्रांच्या दुकानांत येणार नाही आणि अंकांत मुख्यतः जुनाच मजकूर असेल. त्याच वर्षी ट्रम्प यांनी पीट बुटिजेज या तरुण उमेदवाराची तुलना आल्फ्रेड न्यूमनशी केली, तेव्हा तो कोण हे आपल्याला शोधावे लागले, असे त्या उमेदवाराने सांगितले. मला ते वाचून खरोखर वाईट वाटले. २०२४ साली मॅसॅच्युसेट्समधील नॉर्मन रॉकवेल संग्रहालयात ‘मॅड’च्या मूळ चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथल्या छायाचित्रांत चित्रे चौकटीत, काचेमागे होती, आणि काचेमागच्या पानाला घडी घालता येत नाही.

माझ्या मुलीने गेल्या महिन्यात तो १९८३ सालचा अंक काढला, पान मिटले, आणि घडीवरचा जुना कागद वरच्या टोकाला बोटभर फाटला. ती घाबरून म्हणाली, “आई, चिकटपट्टी लावू?” चिकटपट्टी काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते, म्हणून मी मैद्याची खळ शिजवली, बाबा घालत तेवढेच चिमूटभर मोरचूद घातले, आणि पातळ कागदाची एक पट्टी मागून लावली. पट्टी जाड झाली असती तर ए आणि बी केसाने चुकले असते. ते पान आता दोन टीपकागदांमध्ये, बाबांच्या जुन्या लोखंडी टाइपपेटीखाली, सावलीत वाळत आहे, आणि मुलगी दर तासाला येऊन ते वाळले का, हे विचारत आहे.